स्मिथ नावाचा एक वंश कधी नव्हताच

इंग्रजीतले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव ‘स्मिथ’ का, हे सांगणारा एक मजकूर बरेच दिवस घरच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो तीनदा आला. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: ‘स्मिथ’ हा शब्द घाव घालणे या अर्थाच्या ‘स्माइट’वरून आला. स्मिथ म्हणजे इंग्लंडमधली लोहार जात. राजाने तलवारी घडवण्यासाठी लोहारांना गावातच ठेवले, बाकीचे पुरुष लढायांत मेले, म्हणून लोहारांचा वंश वाढला. आज जगभर पसरलेले स्मिथ त्याच एका इंग्रज रक्ताचे, आणि ‘स्माइथ’ असे लिहिणारे त्यांतले खानदानी. शेवटची ओळ: ‘हातात कसब असेल तर वंश टिकतो.’

मजकूर चुकीचा आहेच. पण मला जास्त लागते ते हे, की या आडनावामागे शेकडो गावांतली एकमेकांशी काही नाते नसलेली माणसे आहेत, आणि काही तर अशी की ज्यांच्या माथी हे नाव मारले गेले. एका चतुर वंशाची गोष्ट रंगवताना ती सगळी नाहीशी होतात.

शब्दाचे आधी उरकतो. जुन्या इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजे धातूचे काम करणारा कारागीर. जर्मनमधला ‘श्मिट’ आणि स्वीडिशमधला ‘स्मेड’ ही त्याची सख्खी भावंडे. ‘स्माइट’चे जुने रूप ‘स्मीतान’, आणि त्याचा जुना अर्थ माखणे, फासणे असा होता. मारण्याचा अर्थ नंतर चिकटला. उच्चार जवळचे आणि लोहार घण मारतोच, एवढ्याच आधारावर ही व्युत्पत्ती उभी आहे. ‘स्माइथ’मध्येही खानदानीपण मुळातले नाही. मध्ययुगात स्पेलिंग ठरलेलेच नव्हते, त्यामुळे लिहिणारा बदलला की नावाचे रूप बदले. काही घराण्यांनी पुढे त्यातले एक रूप जपून ठेवले, इतकेच.

आता युद्धाचा मुद्दा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर तोललेली आहे. इंग्लंडमध्ये १२८५ साली विंचेस्टरचा कायदा झाला. १५ ते ६० वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने आपापल्या ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. कोणाजवळ कोणते शस्त्र हवे ते जमीन आणि मालमत्ता पाहून ठरे, धंदा पाहून नव्हे. शिवाय लोहाराला मागे ठेवून सैन्य चालणार कसे? घोड्यांचे नाल, गाड्यांच्या चाकांच्या धावा, बाणांची पाती यांसाठी लोहार बरोबरच लागत. राजाच्या मोहिमांच्या हिशेबांत लोहारांची मजुरी लिहिलेली सापडते.

आणि त्या काळात माणसे मेली ती मुख्यतः लढाईत नाही. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या नेली. इंग्लंडच्या कोणत्याही लढाईतले मृत्यू त्याच्या जवळपासही जात नाहीत. प्लेग भट्टीपाशी थांबला नाही.

शिवाय वाचून उरणे हेच कारण असेल, तर ‘जोन्स’चे काय करायचे? जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या, इंग्लंड आणि वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलच्या खात्याने १८५३ सालासाठी आडनावांचा अंदाज काढला होता. त्यात स्मिथ सुमारे २,५३,६०० आणि जोन्स सुमारे २,४२,१०० होते. जवळजवळ बरोबरी! जोन्स म्हणजे जॉनचा मुलगा. त्या नावामागे ऐरण नाही की भाता नाही. वेल्समध्ये बापाच्या नावावरून आडनावे ठरली आणि बापांची नावे मोजकीच होती, म्हणून जोन्स वाढले. कोणी मेले-जगले याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग स्मिथ इतके का? आपल्या गावगाड्याची ओळख असलेल्याला हे चटकन पटेल. बारा बलुतेदारांत लोहार असायचाच, कारण फाळाला टोक काढल्याशिवाय नांगरट नाही. इंग्लंडच्या गावांचेही तसेच होते. पण सगळेच शेती करतात तिथे ‘शेतकरी’ म्हणून कोणाला ओळखता येत नाही. पाच जॉनमधला नेमका कोणता हे सांगायला ‘जॉन लोहार’ उपयोगी पडतो, आणि गावात लोहार एखाददुसराच असल्याने नाव नेमके बसते. असे ते गावोगाव, स्वतंत्रपणे बसत गेले.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्याला इंग्लंडच्या आग्नेयेत ‘फुलर’, नैर्ऋत्येत ‘टकर’ आणि उत्तरेत ‘वॉकर’ म्हणत. धंदा एकच, पण आडनावे तीन झाली. पिठाच्या गिरणीवाल्याचे ‘मिलर’, ‘मिलनर’, ‘मिलवर्ड’ झाले. लोहाराला मात्र देशभर ‘स्मिथ’ हाच शब्द होता. ‘गोल्डस्मिथ’, ‘ॲरोस्मिथ’ अशा काही फांद्या फुटल्या, तरी मूळ नाव एका ठिकाणी साचत राहिले. मोजणीत ते पहिले येण्यामागे भाषेचा एकसारखेपणा हे मोठे कारण आहे.

जातीचा मुद्दा आपल्याकडे सहज पटतो आणि म्हणूनच तो खोडणे जरूर आहे. इंग्लंडमध्ये सामान्य लोकांची आडनावे वंशपरंपरेने चालू लागली ती साधारण १२०० ते १४०० या काळात, उत्तरेकडे त्याहून उशिरा. एकदा नाव पक्के झाले की मुलगा शिंपी झाला तरी स्मिथच राहिला, आणि लग्न स्मिथांतच करण्याचा नियम नव्हता. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचे वडील वकील आणि जकात अधिकारी होते. आपल्याला जवळचे उदाहरण हवे तर मुंबईचे पारशी पाहा. फारुख इंजिनीअर यष्टिरक्षक होते आणि नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कर्णधार. आडनाव पूर्वजाचा धंदा सांगते, नातवाचा नाही.

एका रक्ताच्या दाव्याची तर तपासणीही झालेली आहे. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांमध्ये बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत बरेचदा समान पूर्वजाची खूण दिसली. स्मिथांमध्ये मात्र दोन स्मिथ एकमेकांना जितके जवळचे निघाले, तितकेच रस्त्यावरून उचललेले कोणतेही दोन पुरुष.

राहिला ‘इंग्रज’ हा शब्द, आणि इथे मला गप्प बसवत नाही. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ स्मिथ होते. त्यांतले सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून धरून आणले तेव्हा त्यांची नावे हिरावली गेली. पुढे काहींना मालकाचे आडनाव चिकटले, काहींनी सुटकेनंतर स्वतः निवडले. अमेरिकेतल्याच कित्येक श्मिट कुटुंबांनी, विशेषतः पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषाच्या दिवसांत, ‘स्मिथ’ लावून घेतले. ही सगळी माणसे त्या आकड्यात आहेत.

आणि आयर्लंड. १४६५ च्या कायद्याने इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखात राहणाऱ्या आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घेण्याचा हुकूम झाला. एखाद्या गावाचे, रंगाचे किंवा धंद्याचे नाव घ्या, असे सांगून धंद्याची उदाहरणे म्हणून कायद्यातच ‘स्मिथ’ आणि ‘कारपेंटर’ लिहिले होते. आयरिशमध्ये लोहाराला ‘गाबा’ म्हणतात, त्यावरून ‘मॅक गवन’, म्हणजे लोहाराचा मुलगा. पुढच्या शतकांत काव्हन परगण्यात या घराण्यांपैकी बहुतेकांचे ‘स्मिथ’ झाले. अर्थ तोच राहिला, भाषा गेली. त्याच परगण्यात जन्मलेले एरिक डॉर्मन-स्मिथ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात वरिष्ठ अधिकारी होते, १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या पहिल्या लढाईत ते सेनापती ऑकिनलेक यांच्या हाताशी होते. १९४९ मध्ये त्यांनी आडनावातला ‘स्मिथ’ काढला आणि ‘ओ’गवन’ लावले.