खंबाटकीच्या बोगद्यात शिरताय? मग एवढं कराच!

सुरूर, वेळे मागे पडलं की समोर खंबाटकीचा बोगदा. हा फक्त पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी, साताऱ्याकडे येणाऱ्यांची वाट वेगळी. म्हणजे समोरून कुणी येण्याची भीती नाही. तेव्हा बिनधास्त शिरा.

तोंडाशी येताच हॉर्नवर हात ठेवा, तो पलीकडचा उजेड दिसल्यावरच काढा.

लाइट लावू नका. लावलेच तर अप्पर.

आता मुख्य कलम : बोगद्यात थांबणे. परवा आमच्यापुढे मधोमध एक पांढरी गाडी उभी. वाटलं, बंद पडली बिचारी. कसली बंद! दोघं भिंतीला टेकून केस सारखे करतायत, तिसरा मोबाईल आडवा धरून चालत्या लेनमध्ये उलटा सरकतोय. सनरूफमधून सात-आठ वर्षांचं पोरगं कमरेपर्यंत बाहेर, आवाज घुमतो म्हणून किंचाळतंय. मागे एसटी, तिच्यामागे ट्रक, सगळ्यांची इंजिनं चालू. म्हटलं, दादा, गाडी घ्या पुढं. तर म्हणे, ''दोन मिनिटं थांबा की काका, तुमच्या बापाचा बोगदाय का?'' काका आणि बाप एका दमात!

अर्थात हे काही आपलंच कर्तृत्व नाही. रोहतांगचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात तिथंही पर्यटक गाड्या थांबवून नाचले. पोलिसांना धरपकड करावी लागली. आपला तर पुरता एक किलोमीटरही नाही, पण हौसेला मोल नाही. शेजारी जुळे बोगदे खोदलेत, प्रत्येकी तीन लेनचे. तीन रील एकदम निघतील.

धुराची काळजी नको. २४ मार्च १९९९ ला माँ ब्लांच्या बोगद्यात ट्रक पेटला आणि ३९ माणसं गेली, बहुतेक धुरानं. ट्रकमध्ये पेट्रोल नव्हतं हो, पीठ आणि मार्गारीन, म्हणजे कृत्रिम लोणी होतं! पण ते तिकडं युरोपात.

बाहेर पडल्यावर उतार आणि ते एस वळण. तिथं काय करायचं हे मी सांगायला नको, रस्त्याकडेच्या काचा सांगतात.

आणि पांढऱ्या गाडीवाल्या, तुला सरळच सांगतो. मागच्या ट्रकचे ब्रेक लागले म्हणून तुझं पोरगं घरी पोचलं. एवढीही अक्कल नसेल तर स्टेअरिंगला हात लावू नकोस. बाप आहेस ना त्याचा? मग आधी त्याला आत ओढ, पट्टा लाव, आणि पुन्हा बोगद्यात गाडी उभी केलीस तर बघ!