डिझेलचं फडकं, कोला आणि क्रोमवरचे खड्डे

‘क्रोम कधीच गंजत नाही. दर आठवड्याला डिझेलचं फडकं मारा, टिपके दिसले तर कोला आणि फॉइलने घासा, वर ताडपत्री टाका. गाडी वापरात नसेल तर रोज दोन मिनिटं सुरू करून ठेवा.’ बाईकच्या निगेबद्दलचा हा मेसेज मला आतापर्यंत चार-पाच जणांनी तरी पाठवलाय.

पहिलं वाक्य खरं आहे, पण कामाचं नाही. क्रोम गंजत नाही, कबूल. पण मडगार्डवर ते असतं किती? मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. त्याखाली कितीतरी पट जाड निकेल आणि तळाशी पोलाद. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतातच. खारट पाणी त्यातून निकेलपर्यंत उतरतं. वरचं क्रोम शाबूत राहतं आणि सगळा मारा भेगेतल्या टिचभर निकेलवर होतो, म्हणून तिथे पसरट डाग न पडता खोल खड्डा पडतो. खड्डा पोलादाला भिडला की तांबूस टिपका वर येतो. म्हणजे तो गंज वरून बसलेला नाही, खालून आलाय.

आता कोला-फॉइल. गंज निघतो, यात वाद नाही. कोलातलं फॉस्फोरिक आम्ल गंज सैल करतं आणि फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे फारसे पडत नाहीत. पण खड्डा तिथेच राहतो, आता तर तळचं पोलाद उघडं पडलेलं. लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडं करून, वॅक्स दाबून भरलं नाही तर टिपका परत येतोच. आणि हा प्रयोग इंजिनच्या ॲल्युमिनियम कव्हरवर मुळीच करू नका. तिथे फॉइल आणि कव्हर एकाच धातूचे, चरे उठतात.

डिझेलने पाणी काही दिवस लांब राहतं, हे खरं. पण त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या आठवड्याचं फडकं पॉलिश पेपरसारखं फिरतं. ब्रेकच्या डिस्कवर थेंब उडाला तर ब्रेक नीट लागणारच नाही. त्यापेक्षा धुतलेल्या, कोरड्या, थंड धातूवर वॅक्सचा पातळ हात द्या.

ताडपत्रीबद्दल एवढंच: ओल्या किंवा गरम गाडीवर टाकलीत तर आत वाफ कोंडते. हवा खेळेल असं कव्हर घ्या.

मेसेजमध्ये फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांचं, नावच नाही, आणि मला सर्वात जास्त काळजी तिथली वाटते. मडगार्डवरचा खड्डा फक्त दिसायला वाईट. फोर्कच्या नळीवरचा खड्डा दर धक्क्याला ऑइल सीलच्या (आतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठावरून किसणीसारखा जातो. सील फाटतं, तेल गळतं आणि ओघळत ब्रेकपर्यंत येऊ शकतं. चमक बघून हे कळत नाही. नळीवरून नख वर-खाली फिरवा. अडलं तर खड्डा आहे.

राहिलं ‘रोज दोन मिनिटं’. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. सायलेन्सर नीट तापला तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन मिनिटांत तो तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडतो. सुरू करायचीच असेल तर वीसेक मिनिटं चालवून आणा, नाहीतर उभीच राहू द्या. बऱ्याच सायलेन्सरच्या बुडाला बारीक भोक असतं ते याच पाण्यासाठी. ‘गळतंय’ म्हणून ते एम-सीलने बुजवणारेही मी पाहिलेत.