बूड कापून देऊ का?

लेस्टरला आल्यापासूनचे आठ नाताळ मी एका प्लॅस्टिकच्या झाडावर भागवले होते. दोन फुटांचं झाड. डिसेंबरात खोक्यातून काढून छत्रीसारखं उघडायचं, जानेवारीत मिटून माळ्यावर टाकायचं. गेल्या वर्षी मात्र मुलीनं खऱ्या झाडाचा हट्ट धरला आणि साताऱ्याहून आलेली आई तिला सामील झाली. ‘‘तुळशीच्या लग्नाला प्लॅस्टिकचा ऊस आणतोस का रे?’’ झालं! निघालो.

विकायला दोन जाती होत्या. नॉर्डमन फर मूळचं कॉकेशसकडचं. सुया मऊ, लवकर गळत नाहीत. दुसरं नॉर्वे स्प्रूस, सुवासिक आणि वीस पौंडांनी स्वस्त. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात ऑस्लोहून 1947 पासून दरवर्षी भेट येतं ते हेच. चौकाला चालतं ते आपल्या हॉलला का चालू नये, असा बिनतोड मुद्दा मी मांडला. ट्रॅफल्गार चौकात गालिचा नसतो, हे तेव्हा सुचलं नाही.

विक्रेत्यानं झाड नरसाळ्यासारख्या यंत्रातून ओढून जाळीत आवळलं आणि विचारलं, ‘‘बूड कापून देऊ का?’’ याचे नक्की वेगळे पैसे असणार. ‘‘नको, नको,’’ मी घाईघाईनं म्हणालो.

घरी येऊन जाळी कापली मात्र, झाडानं हातपाय पसरले. टीव्ही दिसेना. उघड्यावर बेताचं वाटलेलं झाड छताला टेकलं होतं आणि शेंड्यावरचा तारा बिचारा आडवा झाला होता. स्टँडमध्ये पाणी भरलं. ताजं झाड घटाघटा पाणी पितं म्हणे; आमच्या झाडानं थेंबाला तोंड लावलं नाही. शेजारच्या आजीबाईंनी वाकून पाहिलं आणि निदान केलं. तोडलेल्या बुडावर राळ साकळते, मग पाणी वर चढत नाही. म्हणून घरी नेताना इंचभर चकती कापून घ्यायची. फुकट असतं ते.

त्यात आईला थंडी वाजायची, म्हणून हीटर रात्रंदिवस चालू. दार जरा जोरात लावलं की मूठभर सुया खाली. पायमोजे, पांघरूण, एकदा तर पोह्यांत. मुलीला वाटलं, कोथिंबीर.

आजीबाईंनी सांत्वन म्हणून लाल रिबन बांधलेली मिसलटोची जुडी आणून स्वयंपाकघराच्या दारावर टांगली. हिच्याखाली दोघं समोरासमोर आली की मुका घ्यायचा आणि एक पांढरं फळ तोडायचं. फळं संपली की मुके बंद. आईनं चष्मा पुसून जुडी निरखली. ‘‘हे बांडगूळ आहे!’’ आणि होतंच ते. इथे सफरचंदाच्या झाडावर वाढतं, एवढाच फरक. ‘‘आंब्यावरचं बांडगूळ उतरवताना तुझ्या आजोबांनी कंबर मोडून घेतली, आणि तू त्याला रिबन बांधतोस?’’ एरवी तिच्या लेखी बांडगूळ म्हणजे माझा धाकटा मामा. दुपारी आम्ही बाहेर गेलो असताना तिनं झाडून सगळी फळं तोडून कचऱ्यात टाकली. चिकट असतात, पोरीच्या तोंडात गेली तर? त्या रिकाम्या जुडीखाली मी आणि बायको नाताळभर नियमानुसार एकमेकांना नमस्कार करत होतो.

पालिका जुनी झाडं गोळा करून भुसा करते. ती तारीख मी चुकवली. सांगाडा परसात पडून राहिला आणि आई फेब्रुवारीत परत गेली. पाडव्याच्या आदल्या रात्री लक्षात आलं, गुढीला काठी नाही. करवत घेऊन फांद्या छाटल्या, खोड तासलं. सकाळी खण, साखरेची गाठी, तांब्या सगळं यथासांग चढवून आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईनं हात जोडले. मग चष्मा पुसून स्क्रीनजवळ आली.

‘‘या वेळी तरी बूड कापलंस ना?’’