गोट्याची खाज आणि अख्ख्या सोसायटीचे सल्ले

रात्री अडीचला घरात चप चप चप असा आवाज सुरू होतो, मग पट्ट्याचा खुळखुळाट, मग मागचा पाय फरशीवर धपाधप, आणि नवरा कूस बदलून म्हणतो 'गोट्या, बास रे'. ज्यांच्या घरी ॲलर्जीवालं कुत्रं आहे त्यांना पुढचं सांगायलाच नको. आज लिहायला बसले कारण परवा बागेत एक ताई त्यांच्या पगला स्वतःच्या नायट्याची ट्यूब लावत होत्या आणि माझं डोकंच फिरलं. अहो त्यातल्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, आणि कुत्रं ते दोन मिनिटांत चाटून पोटात घालणार!

तर आमचा गोट्या. लॅब्रॅडॉर (म्हणजे लॅब), साडेचार वर्षांचा, मुक्काम डोंबिवली, तिसरा मजला. दीड वर्षाचा असताना पावसाळ्यात सुरू झालं. आधी शेपटीच्या बुडाशी दातांनी कुरतडणं, मग पंजे चाटणं, मग कान. पंजांवरचे केस विटकरी झाले (ते लाळेमुळे होतात, मला वाटलं गॅलरीतल्या कुंड्यांची माती). आणि सल्ले सुरू! करंज तेल लावा, कडुनिंबाच्या पाण्याने रोज आंघोळ घाला, दही चोळा. वॉचमन काका म्हणाले गाडीचं जळकं ऑइल, आमच्या गावाला हेच लावतात. काका प्रेमाने सांगत होते म्हणून गप्प बसले, पण ते ऑइल विषच आहे हो, लावायचं नाही म्हणजे नाही.

सगळ्यात लाडका सल्ला कुठला, तर 'चिकन बंद करा'. ज्याने आयुष्यात कुत्रं पाळलं नाही तोपण हे सांगतो. आम्ही केलं बंद. सहा आठवडे पनीर-भात. गोट्या ताटलीकडे बघायचा मग माझ्याकडे, आणि खाज जिथल्या तिथे. नंतर कळलं की कुत्र्यांना ज्याची ॲलर्जी होते त्यात बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन, गहू हे सगळेच वरच्या नंबरात आहेत, म्हणजे आम्ही एका चोराला पकडायला दुसऱ्या चोराला पहाऱ्यावर बसवलं होतं.

मधे एका ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी खाज गायब, आम्ही पेढेच वाटायचे बाकी होतो. पण त्याला अशी तहान लागायची की पाण्याचं भांडं भरून भरून मी थकले, गॅलरीत शू, भूक तर विचारूच नका, आणि तीन आठवड्यांनी परत धपाधप. स्टिरॉइड वाईटच असतं असं नाही म्हणत मी, खाज फार चढली तर थोडे दिवस लागतंच, पण खाज कशाची आहे हे न बघता दर महिन्याला टोचत राहायचं हे काही उत्तर नाही.

मग आत्ताच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर बारीक दातांची फणी घेतली, शेपटीच्या बुडाशी फिरवली, काळी कचकच निघाली ती ओल्या कापसावर टाकली. दोन मिनिटांत त्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरले. म्हणाल्या ही माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे गोट्याचंच पचलेलं रक्त. मी भांडले, अहो एकही पिसू दिसली नाही आजवर! तर म्हणे ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावे पुरतात, खाज पिसवेच्या लाळेची असते, आणि पिसू तो स्वतःच कुरतडून गिळतो मग दिसणार कुठून. अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी अंडी, अळ्या, कोश सगळं सोफ्याच्या फटीत आणि गोधडीत. कोश तर महिनोन् महिने नुसते पडून राहू शकतात. घरी येऊन आईंची (सासूबाई) लाडकी गोधडी गरम पाण्यात टाकली त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

पिसवांची गोळी नियमित सुरू केली आणि शेपटीचं कुरतडणं थांबलं. पंजे, कान चालूच. तिथे टेप चिकटवून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. तो जो आंबलेल्या पिठासारखा वास येत होता आणि आम्ही 'लॅबला येतोच' म्हणून सोडून देत होतो, तो त्याचा. औषधी शाम्पू आला, पण तो लावून दहा मिनिटं ठेवायचा असतो. मी आधी चोळला की धुवायचे म्हणून उपयोग शून्य. आता बाथरूममध्ये स्टूलवर बसून मोबाईलवर टायमर लावते आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

जेवणाचा प्रयोग सगळ्यात शेवटी केला, पण नीट. आठ आठवडे फक्त मासे आणि रताळं, कारण मासे त्याने आधी कधीच खाल्ले नव्हते. काटे काढून काढून माझी बोटं गेली. एकोणिसाव्या दिवशी आईंच्या पदराखालून अर्धं ग्लुकोज बिस्कीट निघालं. 'अगं एवढंसं तर दिलं!' परत पहिल्यापासून. शेवटी निघालं काय, तर खाण्याची ॲलर्जी नाहीच. चिकन बिचारं निर्दोष सुटलं. आणि हो, केस किंवा लाळ पाठवून खाण्याची ॲलर्जी सांगणाऱ्या टेस्टवर पैसे घालवू नका, त्यांचा भरवसा नसतो.

मग उरली ॲटोपी, म्हणजे धुळीतले बारीक किडे, परागकण असल्या गोष्टींची ॲलर्जी. ही एका टेस्टमध्ये कळत नाही, बाकी सगळं वगळत वगळत इथे यावं लागतं, म्हणूनच लोक कंटाळून मधेच डॉक्टर बदलतात, आम्हीपण बदललेच की. आणि ती जात नाही, सांभाळावी लागते. आमचं सध्याचं म्हणाल तर बाहेरून आला की चारही पंजे ओल्या फडक्याने पुसून बोटांच्या मधे कोरडे करायचे, आठवड्याला शाम्पू, पिसवांची गोळी कॅलेंडरवर लिहून, आणि फारच वाढलं तर डॉक्टरांनी दिलेली खाज थांबवणारी ऑक्लासिटिनिबची गोळी. महाग आहे, पण एका दिवसात फरक दिसतो.

आपल्या डब्यातली सर्दी-ॲलर्जीची गोळी मात्र मनाने देऊ नका प्लीज, कित्येकांत सोबत पॅरासिटामॉल वगैरे असतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

त्या पगवाल्या ताईंना फणी आणि ओल्या कापसाचं सांगितलं. काल त्यांचा फोटो आला व्हॉट्सॲपवर, कापूस तांबडालाल. खाली प्रश्न, 'म्हणजे चिकन देऊ ना?'