साडेआठच्या पेसलाही पळणंच म्हणतात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. मुंबई हाफ मॅरेथॉनच्या (२१ किलोमीटर) माझ्या तीन वर्षांवर मी लेख लिहिला, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली, त्याला आज चार दिवस झाले. पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर मी पुसून टाकलं, कारण ते वर्गात पट्टी आपटून बोलल्यासारखं झालं होतं. आज शांतपणे लिहिते आहे. जमेल तेवढं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की पाच वर्षं पळून अजून हाफला अडीच तास लागतात, म्हणजे माझा सराव चुकतोय. मी इंटरव्हल (मध्ये थांबत जोरात मारायच्या फेऱ्या) करत नाही, टेम्पो (सलग बऱ्यापैकी वेगात पळणं) करत नाही. पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला किती असू द्यायचे ते सांगणारं '१८० वजा वय' हे सूत्र सगळ्यांना लागू पडत नाही. पंचेचाळिशीनंतर बायकांनी वजनं उचलायला हवीत आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आलेखात साताऱ्याची घाटातली शर्यत आणि मुंबईची शर्यत मी एकाच रेषेवर मांडली. ललिता बाबरच्या जिल्ह्यात राहून एवढ्याशा प्रगतीचं कौतुक सांगणं शोभत नाही. आणि शेवटी हे वाक्य: "काकू, साडेआठचा पेस म्हणजे पळणं नव्हे, ते फिरायला जाणं आहे, आणि त्याला फिरायला जाणंच म्हणावं." (साडेआठचा पेस म्हणजे माझ्या रोजच्या सरावात एका किलोमीटरला लागणारी साडेआठ मिनिटं.)

आधी तुमचं बरोबर काय ते सांगते, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं व्हायला नको. आलेख चुकला, मान्य. यवतेश्वरच्या घाटात अर्धी शर्यत चढायची आणि त्याच रस्त्याने उतरायचं. ती वेळ मुंबईच्या वेळेशेजारी ठेवायला नको होती. तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच दाखवते. २०२३ची मुंबईची २:५२ ही वेळ मी गन टाइमवरून, म्हणजे शर्यत सुटल्यापासून मोजलेली, घेतली होती. चिपची वेळ, म्हणजे मी स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची, २:४८ आहे. २०२४ला २:३८ आणि २०२५ला २:३१. म्हणजे सुधारणा २१ मिनिटांची नाही, १७ मिनिटांची. लेखात दुरुस्ती करते आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

'काकू' म्हटल्याचा मला राग नाही. मी ४७ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, गल्लीतली निम्मी पोरं मला काकूच म्हणतात आणि ते मला आवडतं. पण ती पोरं हाक मारतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं, निदान घरात कैरीचं लोणचं आहे का एवढं तरी. तुमच्या वाक्यात काकू कशासाठी आली? माझ्या जागी ४७ वर्षांचा गृहस्थ असता, तर "काका, फिरायला जा" असं लिहिलं असतंत का? मला तसं वाटत नाही. त्याला "सर, थोडा स्पीडवर्क वाढवा" असं लिहिलं असतंत. मुद्दा तोच, पण त्यात माणसाला घरी पाठवलेलं नसतं.

आणि हे बायकांच्या बाबतीत आजचं नाही. १९८०पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात लांब शर्यत १५०० मीटरची होती. त्यापुढे बाईचं शरीर टिकत नाही, असं शहाणीसुरती माणसं सांगत होती. बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली ती १९८४ला, लॉस एंजेलिसला, आणि जोन बेनोइटने ती २ तास २४ मिनिटांत जिंकली. तेव्हा मी पहिलीत होते. म्हणजे बाईने किती पळावं आणि कशाला पळणं म्हणावं हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा काळ माझ्याच आयुष्यात संपला, असं मी समजत होते.

बरं, पळणं म्हणजे काय ते तरी नीट बघू. चालताना एक पाय कायम जमिनीला टेकलेला असतो. पळताना, क्षणभर का होईना, दोन्ही पाय सुटतात. चालण्याच्या शर्यतीचा नियमच यावर उभा आहे: जमिनीशी संपर्क सुटलेला पंचांच्या डोळ्यांना दिसता कामा नये, आणि पुढचा पाय टेकल्यापासून अंगाखाली सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या प्रियांका गोस्वामीने १०,००० मीटर चालण्यात रौप्यपदक मिळवलं, ४३ मिनिटं ३८ सेकंदांत. म्हणजे किलोमीटरला साधारण ४:२२. रविवारी घाटात भेटणाऱ्या बहुतेकांना, आणि कदाचित तुम्हालाही, त्या पेसने पळता येणार नाही. तरी ते चालणं आहे, कारण तिचा पाय जमिनीवर आहे. पेसवरून पळणं ठरत नाही.

माझे पाय सुटतात का? तुमची प्रतिक्रिया वाचून माझ्या मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी गोडोलीच्या रस्त्यावर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये माझं पळणं टिपलं. घड्याळात ८:३२ पेस होता. आम्ही एकेक चित्र थांबवून पाहिलं. मागच्या बुटाचं टोक उचललं गेलंय, पुढची टाच अजून टेकायची आहे, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात डांबरावर दोन्ही बुटांच्या सावल्या बुटांपासून सुटलेल्या आहेत. बोटभर असेल ते अंतर. पण सुटलेल्या आहेत.

ते बोटभर अंतर मला फुकट मिळालेलं नाही. २०२०च्या डिसेंबरात मी पळायला लागले. पुढच्या वर्षी एका ग्रुपमध्ये जायला लागले. ग्रुपचं नाव लिहीत नाही, त्यात मनाने चांगली माणसंही होती. तिथे दर गुरुवारी ४०० मीटरच्या फेऱ्या असायच्या, आणि जी मागे राहील तिला ओरडून पुढे ढकलायचे. "मॅडम, दम लागला म्हणजे बरोबर चाललंय!" मी जीव खाऊन पळायचे. घरी येऊन डबे, मग शाळा, दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, दुखायला लागलं. बोट ठेवलं की नेमकी एक जागा ओरडायची. बर्फ लावून, गोळी घेऊन मी अजून तीन गुरुवार पळाले. मग एका सकाळी खाट सोडून पाय टेकला आणि टेकताच आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हाडाला चीर आहे. आठ आठवडे पळणं बंद. त्या आठ आठवड्यांत शाळेचा जिना मी कठडा धरून एकेक पायरी चढत होते, आणि तिसरीची पोरं माझी पिशवी धरायला भांडायची. तेव्हा ग्रुपमधल्या कुणी विचारलं नाही की तुमचा इंटरव्हलचा पेस किती होता.

२०२२च्या मार्चमध्ये मी पुन्हा सुरुवात केली ती ठोक्यांवर. १८० वजा वय, आणि दुखापत झालेली म्हणून अजून पाच वजा. तेव्हा वय ४४, म्हणजे १३१. १३१ ठोक्यांच्या आत राहायचं तर माझा पेस १०:२० होता आणि चढ आला की मला चालावं लागायचं. हो, चालावंच लागायचं, ते मी लेखातही लिहिलंय. घड्याळावर विश्वास नव्हता तेव्हा मी सतराचा पाढा म्हणत पळायचे. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. चोक अडुसष्टला श्वास तुटला की समजायचं, वेग जास्त झाला. रोज पहाटे अंधारात एक बाई पाढे म्हणत पळते म्हणून दूधवाला मला हसायचा. आज १३३ ठोक्यांना माझा पेस साडेआठ आहे. ठोके जवळपास तेच, आणि किलोमीटरमागे पावणेदोन मिनिटांहून जास्त फरक. तुम्ही ज्या साडेआठला फिरायला जाणं म्हणता, त्या साडेआठपर्यंत यायला मला तीन वर्षं लागली आहेत, आणि या तीन वर्षांत एकही आठवडा दुखापतीमुळे सुटलेला नाही. प्रगती म्हणजे काय ते मी ह्यावर मोजते.

हळू पळून पाया घालणं ही साताऱ्यातल्या एका मास्तरणीची टूम नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे आणि पोरांना पळायला शिकवायचे. त्यांचा पीटर स्नेल ८०० मीटरचा पळणारा, म्हणजे दोन मिनिटांच्या आतला खेळ. त्यालाही ते आठवड्याला शंभर शंभर मैल पळवायचे, डोंगरातून एका दमात बावीस मैल. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि त्यांच्याच मरी हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दुपारी जिंकलं. हळू पळताना स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींची ऑक्सिजन वापरायची ताकद वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. हाड आणि स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात, दम वाढतो त्याच्या कितीतरी मागून. माझी नडगी तिथेच गेली. लिडियार्ड पायानंतर चढाचा आणि वेगाचा सराव घ्यायचे, हे मला ठाऊक आहे, कुणी लिहून कळवायची गरज नाही. पाया झाला की बघू. पाया झाला की नाही ते माझं मी ठरवीन.

ललिता बाबरचं नाव तुम्ही ज्या तऱ्हेने घेतलंत ते मला आवडलं नाही. माणमधल्या मोहीची ती मुलगी २०१६ला रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी आली. आमच्या शाळेत मी तिचं छायाचित्र लावलंय, पोरींना दाखवायला. कुणाला खाली दाबण्यासाठी ते नाव वापरायचं नसतं. आणि तुमची स्वतःची वेळ तुम्ही कुठेच लिहिलेली नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

बाकीचे मुद्दे. सूत्र सगळ्यांना लागू पडत नाही, खरं आहे. ते सूत्र मांडणारे मॅफेटोन स्वतःच त्यात पाच-दहाची वजाबाकी-बेरीज सांगतात, आणि मी 'सगळ्यांना' असं कुठेही म्हटलेलं नाही. वजनं उचलण्याबद्दल: लेख त्यावर नव्हता. इंटरव्हलबद्दल वर बोलले.

हे सगळं मी एवढं लांबवर का लिहिलं ते सांगते. माझ्या शाळेत एक सहकारी आहेत, ५३ वर्षांच्या. साखर थोडी वर गेली तेव्हा जूनपासून मी त्यांना बरोबर घेऊन जाते आहे. आधी एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. आता त्या सलग २० मिनिटं पळतात, दहाच्या पेसने. तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री त्यांचा मेसेज आला: "मॅडम, मग मी उद्यापासून फिरायलाच जाते." रागाने नाही हो लिहिलं त्यांनी. अगदी साधेपणाने लिहिलं, जणू त्यांची चूक कुणीतरी दाखवून दिली. मला लिहिलेलं मी सोसलं असतं. ह्या बाईने चार महिने पहाटे पाचला उठून जे कमावलं ते तुम्ही एका वाक्यात काढून घेतलंत, आणि तुम्हाला ते माहीतही नाही. म्हणून सांगते, जाहीर लिहिताना कोण कोण वाचतंय याचा थोडा विचार करा. एवढं तर आम्ही चौथीतल्या पोरांनाही सांगतो.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. आहे तशी राहील, 'काकू'सकट. आलेख आज रात्री बदलते, घाटाची रेषा वेगळी आणि मुंबईची वेगळी.

माझ्या सहकारी दोन दिवस आल्या नव्हत्या. आज पहाटे आल्या. गोडोलीच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. पाढा त्यांनी स्वतःच निवडला, एकोणिसाचा, आणि शेवटपर्यंत श्वास तुटला नाही.