चीनचे तीन तास आणि बापाचं अकाउंट

‘चीनने स्वतःच्या देशात गेम बंद केले आणि पबजी, फ्री फायर आपल्या पोरांच्या हातात दिले’ हा मेसेज सांगली-मिरजेतल्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. परवा तो विश्रामबागच्या वहिनींकडे पोचला आणि त्यांनी त्यातला ‘पोराला आपल्या नावाचं अकाउंट द्या’ हा शेवटचा सल्ला लगेच अमलातही आणला. म्हणून लिहावं लागतंय.

‘चीनमध्ये गेम बंद.’ साफ खोटं. गेमच्या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या बाजारपेठा म्हणजे चीन आणि अमेरिका. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ या चिनी गेमच्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्या. बंदी होती ती कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर), २००० साली. तीही २०१४-१५ मध्ये उठली.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. चीनच्या प्रकाशन प्रशासनाचा ३० ऑगस्ट २०२१ चा आदेश खरा आहे. १८ वर्षांखालच्यांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुटीला, रात्री ८ ते ९. एरवी आठवड्याला तीन तास. पण ही मर्यादा ओळखपत्राच्या नंबरावर चालते. मग तिकडची पोरं आजोबांचा नंबर टाकतात आणि सिस्टिमच्या लेखी सत्तर वर्षांची होतात. टेन्सेंट या चिनी गेम कंपनीला रात्री खेळणाऱ्याचा चेहरा तपासायची सोय करावी लागली ती यामुळेच.

‘पबजी चिनी.’ मूळ गेम दक्षिण कोरियाचा, २०१७ चा. मोबाइलवरचा टेन्सेंटसोबत बनला, म्हणून अर्धे मार्क. फ्री फायर सिंगापूरच्या गरेनाचा. ‘कोरियात रात्री बाराला गेम बंद होतात’ हे १६ वर्षांखालच्यांपुरतं होतं. २०११ चा तो कायदा १ जानेवारी २०२२ ला गेलासुद्धा. ‘भारतात गेम बनत नाहीत’ म्हणणाऱ्याने पुण्यात बनलेला ‘राजी’ बघावा.

आता तो सल्ला: ‘पोराला तुमच्या नावाचं अकाउंट द्या, म्हणजे लक्ष राहील.’ अहो, यानेच लक्ष जातं! २०२१ मध्ये बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) आला तसाच नियम घेऊन: १८ खालच्यांना दिवसाला तीन तास, खर्चाला रोज ७,००० रुपयांची मर्यादा, पालकाच्या नंबरावर ओटीपी. बापाची जन्मतारीख टाकली की पोरगं सज्ञान. चिनी आजोबांचीच गत, फक्त इथे बाप स्वतः लॉगिन करून देतो. वर त्या अकाउंटला कार्ड जोडलेलं असतं. खरेदीच्या वेळी पासवर्ड मागायची सेटिंग बंद असेल तर यूसी (गेममधलं विकतचं चलन) घेणं सोपं होतं, आणि सिम त्याच फोनमध्ये असेल तर बँकेचा मेसेजही पोराच्याच हातात.

त्यापेक्षा पोराचं वेगळं गूगल अकाउंट काढा, जन्मतारीख खरी टाका. आपल्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप घ्या, त्यात गेमला वेळेची मर्यादा लावा आणि खरेदीची मंजुरी स्वतःकडे ठेवा. पोराच्या हातातल्या फोनवरून आपलं अकाउंट काढून टाका. पैसे गेलेच असतील तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरच्या ऑर्डर हिस्ट्रीतून रिफंड मागा.

फॅमिली लिंकची मंजुरी फक्त प्ले स्टोअरमधून होणाऱ्या पेमेंटला लागते. बाहेरच्या वेबसाइटवरून यूसी घेतले तर तिला पत्ता नसतो. तेव्हा दूधवाल्याला पैसे पाठवतानासुद्धा यूपीआयचा पिन पोरासमोर टाकू नका.