‘आजीबाईचा बटवा’ या शेऱ्याबद्दल

दातांना तारा बसवलेल्या मुलांच्या दुखऱ्या हिरड्यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगणे म्हणजे ‘आजीबाईचा बटवा’ उघडून बसणे आहे, लवंगेच्या तेलाने हिरडी भाजते आणि सूज न ओसरल्यास दंतवैद्याकडे जावे हे मी सांगितलेच नाही.

लवंगेच्या तेलाबाबत आपले म्हणणे मान्य आहे. ते पातळ न करता हिरडीला लावू नये, हे वाक्य लेखात हवे होते. आज ते घातले आहे.

परंतु ‘आजीबाईचा बटवा’ हे शब्द ज्या तुच्छतेने आपण फेकले आहेत, ती मला मुळीच मान्य नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, हा उपाय दंतवैद्यही सांगतात. सरकणाऱ्या दाताचा ठणका त्याने थांबतो, असे मी कोठेही म्हटलेले नाही. तो ठणका तार घट्ट केल्यानंतरच्या पहिल्या दिवशी वाढतो आणि साधारण आठवड्याभरात ओसरतो. मिठाच्या पाण्याने आराम पडतो तो घासून लाल झालेल्या हिरडीला आणि गालाच्या आतल्या बाजूला.

हे मी ऐकीव लिहीत नाही. इंदूरच्या आमच्या घरी बाराव्या वर्षी मुलीला तारा बसल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोह्यांवरची शेव एकेक वेचून बशीच्या कडेला ठेवत होती आणि मऊ पोहेसुद्धा एकाच बाजूने चावत होती. खालच्या ओठाच्या आत ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कडेने चरा पडला होता. तारांवर लावण्यासाठी मिळणारे मेण वाटाण्याएवढे घेऊन बोटांत मऊ करून मी त्या ब्रॅकेटवर दाबले, ते दोनदा निघाले, मग ब्रॅकेट कापसाने कोरडे केल्यावर टिकले, कारण ओल्या धातूला मेण धरत नाही. दिवसातून तीनदा गुळण्या चालू ठेवल्या आणि पाचव्या दिवशी तिने स्वतःहून पोळी मागितली. रडणाऱ्या मुलाजवळ पेला धरून आपण कधी बसला आहात काय? बसला असता, तर असा शेरा लिहिला नसता.

दंतवैद्याचे म्हणाल, तर तारा असलेले मूल महिन्या-दीड महिन्याने त्यांच्याच खुर्चीत बसते. ते वेगळे सांगण्याची गरज मला वाटली नाही, आजही वाटत नाही.

मिठाचे प्रमाण चुकले आहे असे आपले मत असेल, तर आकडा लिहावा. मी तो तपासून पाहीन.